घरी कसं आहे, विचारत जा

सुवा, ११ फेब्रुवारी २०१९

प्रिय मोमो,

बुला! निवृत्त होताना तुम्ही सगळ्यांसमोर शपथ घेतली होतीत की यापुढे कॉम्प्युटरचं तोंड बघणार नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. चार ओळींत बोटं दुखायला लागली. तुम्हाला मामा मानल्यामुळे काय काय करावं लागतं!

बातमी अशी की तुमच्या खुर्चीवर आता मी बसते. हसू नका. काम तेच आहे. तिकडे क्वीन्सलँडच्या कुठल्यातरी वृद्धाश्रमात नर्स औषधांची गाडी घेऊन उभी असते, तिच्या कॉम्प्युटरचा पडदा गोठलेला असतो आणि ती फोनवरून इथे सुवात आमच्यावर ओरडते. आम्ही बाराजण ऐकून घेतो आणि पडदा चालू करून देतो. तुमच्यानंतर ब्रिस्बेनहून क्रेग आला होता. त्याने दोन वर्षं सगळ्यांना घड्याळ लावून पळवलं. कोणी बाथरूमला गेलं तरी नावापुढे लाल खूण. चांगले चौघं सोडून गेले, मग वरच्यांना जाग आली.

मागच्या आठवड्यात मनुष्यबळ विभागाच्या ब्रिजेट हॅलोरनचा फोन आला. म्हणाली, "आता आम्हाला माणसं आधी हवीत, रोशलीन. जोसेफाच्या काळात होतं तसं."

म्हणून विचारते. तुम्ही नेमकं काय करायचात? मला एवढंच आठवतं की मी नवी असताना रोज बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि एक दिवस तुम्ही बाहेर नेऊन हातात रोटीचं पार्सल दिलंत. काही बोलला नाहीत. मी त्या दिवशी राजीनामा लिहून आणला होता, तो रोटीचं तेल पुसायला वापरला.

माझा नवरोबा नितेश ख्रिसमसला आठ दिवस येऊन गेला. अजून सिडनीच्या विमानतळावर सामानच चढवतो. पाठ धरते म्हणाला. बाकी फारसं बोलत नाही.

तुमची,
रोशलीन

लेवुका, २ मार्च २०१९

रोशलीन पोरी,

वाऱ्यामुळे फेरीबोट तीन दिवस बंद होती. तुझं पत्र आणि माझ्या छपराचे खिळे एकाच दिवशी पोचले. आधी पत्र वाचलं, यावरून समज.

मी काय करायचो? फार काही नाही. दर पंधरवड्याला प्रत्येकाला वीस मिनिटं बाहेर काढायचं. ऑफिसच्या खोलीत माणूस कामाचंच बोलतो, म्हणून समुद्राच्या भिंतीवर चालत जायचं. कामाचं विचारू नकोस. घरी कसं आहे, विचारत जा. आणि मग गप्प बस. हे तुला जड जाणार, मी तुला ओळखतो.

परत आलीस की लिहून ठेव. कोणाच्या आईचं ऑपरेशन, कोणाचं पोर परीक्षेला, कोणाचं नवऱ्याशी बिनसलंय. बारा माणसांची बारा घरं डोक्यात राहत नाहीत. पुढच्या खेपेला "आईचे टाके निघाले का?" असं विचारलंस, तर तो माणूस तुझ्यासाठी वाटेल ते करेल. विसरलीस, तर त्याला वाटेल की पहिल्यांदा विचारलं तेही नाटकच होतं.

एवढंच आहे बघ. लोक यावर जाडजाड पुस्तकं लिहितात.

ब्रिजेट हॅलोरन अजून आहे म्हणजे. हुशार बाई. तिला माझा नमस्कार मुद्दाम सांगायची गरज नाही.

मी इथे रविवारी चर्चमध्ये प्रवचन देतो. पहिल्या दोन रांगा जाग्या असतात, कारण तिथे माझ्या बहिणी बसतात. नितेशच्या पाठीचं वाचून वाईट वाटलं. त्याला जपायला सांग.

तुझा मामा,
जोसेफा

सुवा, ९ जून २०१९

प्रिय मोमो,

तुम्ही जादूगार आहात! तीन महिन्यांत एकही माणूस सोडून गेला नाही. तक्रारी मिटवण्यात आम्ही कंपनीच्या सगळ्या केंद्रांत पहिले आलो. क्रेग चाबूक घेऊन जे करू शकला नाही, ते आम्ही चालता चालता केलं.

शनीलचंच ऐका. त्याचा धाकटा भाऊ गेल्या वर्षी नवुआच्या रस्त्यावर अपघातात गेला. दोन वर्षं त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही हे माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात एक नर्स फोनवर किंचाळली, "इथे माणूस मरेल, कळतंय का तुला?" आणि शनील हेडफोन काढून टेबलाखाली जाऊन बसला. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले, त्याचाच हेडफोन कानाला लावला आणि त्या बाईचं काम पुरं केलं. दुसऱ्या दिवशी तो वेळेआधी हजर! म्हणाला, "रोश, टेबलाखाली फार धूळ आहे हं."

वासेमाथाला दिवस गेलेत. सासूच्या आधी तिने मला सांगितलं. आणि आपला एतिका, सर्व्हर त्याच्या बोटांवर नाचतात. त्याच्या आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. ऑकलंडच्या एका कंपनीने त्याला बोलावलंय, कागदही तयार आहेत, पण म्हणतो, "आई आहे तोवर मी कुठे जात नाही. आणि तू आहेस तोवरही नाही." मी तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिले.

हे सगळं माझ्या निळ्या वहीत लिहिलेलं आहे, तुम्ही सांगितलंत तसं.

आता खरं विचारायचंय ते. ब्रिजेट आली होती. आम्ही खड्ड्यात दगड तापवून लोवोचं जेवण भाजलं, तिने दोनदा वाढून घेतलं. माझी वही बघून तिचे डोळे चमकले. म्हणाली, "हे एका वहीत का अडकून पडावं? आमच्याकडे यासाठी तक्ता आहे, त्यात भर. सगळ्या केंद्रांना तुझ्याकडून शिकवू." माझं मन कचरतंय. ही गुपितं लोकांनी मला सांगितलीत, कंपनीला नाही. पण ती म्हणते की माणसांच्या अडचणी वर कळल्या तरच वरचे मदत करतील, आणि तेही खोटं वाटत नाही.

देऊ की नको? तुम्ही म्हणाल ते करेन. महिनाअखेरपर्यंत तिला थोपवते.

तुमची,
रोशलीन

लेवुका, ३० जून २०१९

रोशलीन,

उत्तराला उशीर झाला. छपराचं काम निघालं, मग गुडघा सुजला. इथे रताळी या वर्षी पाणचट आहेत. बहीण म्हणते माझ्या हाताला गुण नाही.

तुझं वाचून आनंद झाला. शनीलशेजारी जमिनीवर बसलीस, ते मला जमलं नसतं.

तक्त्याचं म्हणशील, तर तिथे आता तू आहेस, मी नाही. दूर बसून मी काय सांगणार? ब्रिजेट बाई कामात चोख आहे. वरच्यांना माणसांची ओळख झाली तर बरंही असतं कधी कधी. तुझ्या मनाला पटेल तसं कर.

तब्येतीला जप.

जोसेफा

सुवा, ४ सप्टेंबर २०१९

मोमो,

माझ्या मनाला पटेल तसं केलं. तुम्ही हो म्हणालात असं समजून सगळी वही तक्त्यात भरली. दोन संध्याकाळी बसून, नीट, एकही गोष्ट न गाळता.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी ब्रिजेटने यादी पाठवली. कामाचा एक भाग मनिलाला जाणार, आमच्यातली तीन माणसं कमी करायची. वासेमाथा. शनील. एतिका.

मी फोन केला. विचारलं, हीच का? एतिका तर तुमच्याकडचा सगळ्यात चांगला माणूस आहे. ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "रोशलीन, आम्ही डोळे मिटून नावं काढली नाहीत. तू भरलेलं सगळं मन लावून वाचलंय." तिच्या कागदावर प्रत्येक नावापुढे एक ओळ होती. वासेमाथा, लवकरच दीर्घ रजा. शनील, ताण आल्यास भरवसा नाही. एतिका, देश सोडण्याच्या तयारीत. शब्द तिचे होते, पण माणसं मीच उघडून दिली होती.

वर म्हणाली, "तूच सांग त्यांना. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना आपुलकी वाटेल." ब्रिस्बेनहून सूचना आली होती की खोलीत पाणी आणि टिश्यूचा डबा ठेवावा. मी ठेवला.

वासेमाथा पोटावर हात ठेवून बसली होती. एवढंच म्हणाली, "मी सासूच्या आधी तुला सांगितलं होतं."

शनील उभाच राहिला. हसला. "टेबलाखालची जागा आता रिकामी आहे म्हणावं. कोणाला हवी तर घ्या."

एतिकाला कमी केल्याच्या पत्रात लिहिलं होतं: आपण स्वतः देशाबाहेर जाण्याची इच्छा व्यक्त केली असल्याने. त्याने दोनदा वाचलं. मग स्वतःशीच पुटपुटला, "हे कोणाशी बोललो होतो मी?" आणि मान वर केली.

"अच्छा. तुझ्याशी."

"एतिका, मी ते तुझ्या भल्यासाठी—"

"हो. तू फार छान ऐकून घेतेस, रोश. सगळेच म्हणतात."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "ऑकलंडची जागा जुलैमध्येच गेली. तू आहेस म्हणून नाही म्हणालो होतो ना मी त्यांना." हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. हे वहीतही नव्हतं.

मोमो, तुमच्या वेळीही कपात झाली, पण तुमची वही अशी वापरायची कोणाची हिंमत झाली नसती. तुम्ही आडवे पडला असतात. मला सांगा, मी कुठे चुकले?

रोशलीन

सुवा, २१ ऑक्टोबर २०१९

जोसेफा,

सात आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. आता त्याची वाटही बघत नाही.

काल ब्रिजेट इथे होती. बंदरावरच्या हॉटेलात उरलेल्या नऊजणांना जेवण दिलं. तिने पेला उंचावला आणि माझं कौतुक केलं, की अवघड काम रोशलीनने किती मायेने पार पाडलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शेवटी तू जोसेफाची शिष्या! हा तक्ता त्यानेच तर आम्हाला आखून दिला. चौदा साली, पहिल्या कपातीच्या वेळी."

चौदा साली अकराजण गेले होते. त्यात नितेश होता.

जूनमध्ये मी तुम्हाला सरळ प्रश्न विचारला होता. तुम्ही मला रताळ्यांचं लिहिलंत.

रोशलीन

लेवुका, ३ नोव्हेंबर २०१९

रोशलीन,

तक्ता माझा आहे. तुला कळलं ते खरं आहे, पण ते सगळं नाही. उरलेलं तू दुसऱ्या कोणाकडून ऐकावंस असं मला वाटत नाही.

चौदा साली मला सांगण्यात आलं की अकरा माणसं जाणार. तू नावं दिली नाहीस तर आम्ही हाताला येतील ती काढू. मला वाटलं, माझ्याजवळ वही आहे. मी सगळ्यांची घरं ओळखतो. ज्याला पडल्यावर उठायला जागा आहे, त्याचं नाव द्यावं. ज्याला नाही, त्याला वाचवावं. मी प्रार्थना करून बसलो होतो, हेही तुला सांगतो. तक्त्यात एक रकाना केला: दुसरीकडे सोय आहे का. ब्रिजेटने पुढे त्या रकान्याचं काय केलं ते तू पाहिलंस. पण रकाना माझा.

त्या वर्षी एप्रिलमध्ये समुद्राच्या भिंतीवर चालताना तू मला म्हणाली होतीस, "नितेशचा भाऊ सिडनीला आहे. नितेशच्या मनात तिकडे जायचं आहे, मला मात्र नाही." त्याच वेळी तू मला सांगितलं होतंस की तुमचं पोटातलं मूल राहिलं नाही आणि तू कोणाला बोलली नाहीस. मी दोन्ही लिहून ठेवलं. आणि जेव्हा तुमच्या दोघांपैकी एकाचं नाव द्यायची वेळ आली, तेव्हा त्याचं दिलं. म्हटलं, तू आत्ता नोकरी गेलेली सोसू शकणार नाहीस. त्याचं काय होईल, तुमचं काय होईल, हा विचार केला नाही. तसा रकाना नव्हता.

जूनमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा मी दोनदा "देऊ नकोस" असं लिहिलं. दोन्ही वेळा पुढे लिहावं लागलं असतं की का. मग नितेशचं सांगावं लागलं असतं. तुझ्यासारखं मला कोणी लिहीत नाही, रोशलीन. ते बंद होईल या भीतीने मी कागद फाडले आणि रताळ्यांचं लिहिलं. तुझी तीन माणसं माझ्या त्या भीतीने गेली.

रविवारी आता प्रवचन देत नाही. ते सांगून तुझ्याकडून काही मिळवायचं नाही, फक्त कळवतो.

जोसेफा वांगानिवालू

सुवा, १५ डिसेंबर २०१९

जोसेफा,

तुम्ही खरं लिहिलंत म्हणून हे एक पत्र. यानंतर लिहिणार नाही.

तुमचं पत्र मी नितेशला फोनवर वाचून दाखवलं. वाटलं होतं, तो चिडेल, तुम्हाला शिव्या देईल. त्याने सिडनीची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, "मला काढल्याच्या पत्रातच होतं ते. सिडनीला जाण्याची इच्छा असल्याचे समजते. मी ते तुझ्याशिवाय कोणाशीच बोललो नव्हतो."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"काय विचारणार? मला वाटलं, तुला मी जायला हवा होतो."

साडेपाच वर्षं तो असं समजून राहिला. तिथे बॅगा उचलत, आणि वर्षातले आठ दिवस इथे पाहुण्यासारखा. या ख्रिसमसला येणार नाही म्हणतो. मी समजावलं, रडले. तो म्हणाला, "कळलं गं मला आता. पण आता कळून काय करू?"

नोव्हेंबरच्या शेवटी एतिकाची आई गेली. नोकरी गेल्यावर दोनदाचं डायलिसिस एकदावर आलं होतं. मी सांत्वनाची भेट म्हणून चटई आणि कापड घेऊन त्यांच्या गावी गेले. तुम्ही शिकवलंत तसं दाराशी बसून दोन शब्द बोलले. त्यांच्या बाजूने एका म्हाताऱ्याने भेट स्वीकारली, रीतीप्रमाणे, एक अक्षर न चुकता. कंपनीकडून आलेल्या बाईंचे आभार, त्यांनी एवढा प्रवास केला, त्यांचा मान आम्ही राखतो. एतिका भिंतीला टेकून बसला होता. मला चहा दिला, नीरफणस दिला, सगळ्यांत आधी वाढलं. त्याने एकदा ओरडावं म्हणून मी संध्याकाळपर्यंत बसून राहिले. शेवटी तो बसपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "आलात, बरं वाटलं, मॅडम."

वासेमाथाला मुलगी झाली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. शनील कुठे आहे, कोणी सांगत नाही.

उरलेल्या नऊजणांना मी एकेक करून त्यांची नोंद दाखवली. हे तुमच्याबद्दल मी लिहिलं आणि हे वर गेलं, असं तोंडाने सांगितलं. दोघांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. बाकीचे माझ्याशी कामापुरतं बोलतात. नोंदी पुसायला सांगितल्या तर ब्रिजेट म्हणाली की त्या आता कंपनीची मालमत्ता आहेत. आमचे आकडे घसरलेत. तिने मला नेतृत्वाच्या शिबिराला पाठवायचं ठरवलंय. शिबिराचा विषय आहे, विश्वास कसा मिळवावा.

तुम्ही विचाराल, नोकरी का सोडत नाहीस. मार्चमध्ये दुसरी यादी येणार आहे. मी गेले तर दुसरा क्रेग येईल, नाहीतर दुसरी मी येईल.

परवा मेरेओनी माझ्या टेबलाशी आली. नवी आहे, सोडून गेलेल्यांच्या जागी गेल्या महिन्यात लागली, जेमतेम बावीस वर्षांची. ओठ सुजलेला. डोळे खाली. "रोश, एक सांगायचं होतं. घरी जरा..."

मी म्हटलं, "मला सांगू नकोस."

"कामाचं नाही, मला फक्त—"

"कळलं. मला नको सांगूस, मेरेओनी. बाहेरच्या कोणाला सांग, या इमारतीत कोणाला नको." एका कागदावर बायकांना मदत करणाऱ्या केंद्राचा नंबर लिहिला, घडी घातली आणि तिच्याकडे सरकवला. तिने तो घेतला, पण माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

ती जागेवर गेली, हेडफोन लावला, आणि नीट आवाजात म्हणाली, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" मी पुढचा अर्धा तास तिच्याकडे पाठ करून बसले. तिच्या तक्त्यात घरच्या रकान्यात मी लिहिलं: काही माहिती नाही.

रोशलीन